निसर्गछायाचित्रणावर घर चालवायचे आहे? मग या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की त्र्यंबक रस्त्यावर, भावली धरणाच्या काठी आणि अंजनेरीच्या पठारावर कॅमेरे दिसू लागतात. त्यातल्या अनेकांच्या मनात, हा छंद पोटापाण्याचा उद्योग होऊ शकेल का, हा प्रश्न असतो. होऊ शकतो. नाशिक परिसरात वायनरी आहेत, इगतपुरीपासून गंगापूर धरणापर्यंत पसरलेली रिसॉर्ट आहेत, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत, मोठी रुग्णालये आहेत, शिवाय २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. या सगळ्यांना छायाचित्रे लागतात. तरीही अनेकांचा प्रयत्न वर्ष-दोन वर्षांत थांबतो, आणि त्याला छायाचित्रांचा दर्जा क्वचितच कारण असतो. चित्र आधी काढायचे आणि ते कोणाच्या कामाचे आहे हे नंतर शोधायचे, असा क्रम बहुतेक जण धरतात. पुढे सांगितलेल्या अनेक चुकांचे मूळ मला या क्रमात दिसते.

दूरच्या डोंगरांची ओढ

लडाख आणि स्पितीची छायाचित्रे काढायला प्रवासाचा मोठा खर्च होतो आणि तिथली तशीच छायाचित्रे हजारो लोकांकडे असतात. नाशिकच्या रुग्णालयाला आपल्या प्रतीक्षाकक्षात ब्रह्मगिरी किंवा गोदाकाठ लावायचा असतो; येणाऱ्या रुग्णाला तो ओळखीचा वाटतो. घराजवळच्या प्रदेशाचा आणखी एक लाभ असा की तिथे पुन्हा पुन्हा जाता येते, आणि धुके कोणत्या आठवड्यात दरीत उतरते, सूर्य कोणत्या महिन्यात कोणत्या सुळक्यामागून उगवतो, हे कळू लागते. हेच ज्ञान गिऱ्हाईक विकत घेते.

द्राक्षमळ्यांच्या बाबतीत तर शेतीचे वेळापत्रक ठाऊक नसेल तर काम हातचे जाते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी झाली की वेली उघड्या पडतात, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी (फळधारणेसाठीची छाटणी) होते, आणि भरलेले घड पाहायला मिळतात ते साधारण जानेवारी ते मार्च या काळात. एखाद्या वायनरीने मे महिन्यात माहितीपत्रकासाठी विचारणा केली आणि आपल्याकडे त्याआधीच्या हंगामातील छायाचित्रे नसतील, तर नाइलाजाने नकार द्यावा लागतो. दिनदर्शिकांचेही असेच आहे. कारखाने आणि बँका नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेची जुळवाजुळव दिवाळीच्या आधीच करतात, त्यामुळे यंदाच्या पावसात टिपलेले धबधबे बहुधा पुढच्या वर्षाच्या कामाचे असतात. बारा महिन्यांची मिळून एक सलग मालिका हाती असणे हे एकेकट्या अप्रतिम चित्रापेक्षा व्यवसायात अधिक उपयोगी पडते.

हक्क कोणाचा, हे न लिहिणे

नवखे छायाचित्रकार सर्वांत मोठे नुकसान इथे करून घेतात आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. आपण स्वतःच्या इच्छेने काढलेल्या छायाचित्राचा स्वामित्वहक्क आपलाच असतो, आणि तो छायाचित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि त्याविरुद्ध काही करार झालेला नसेल, तर त्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. म्हणजे त्र्यंबक रस्त्यावरील एखाद्या रिसॉर्टने दोन दिवसांचे काम दिले आणि तुम्ही त्या दोन दिवसांत अंजनेरीमागचा सुरेख सूर्यास्तही टिपला, तर त्याच चित्राची प्रिंट दुसऱ्या कोणाला विकण्याचा अधिकार तुम्हाला बहुधा उरत नाही. कामाला हात घालण्यापूर्वीच, स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहील आणि ग्राहकाला ठराविक वापराची परवानगी मिळेल, असे पत्रात लिहून घेतले की हा पेच सुटतो.

परवानगीची भाषा नेमकी असावी. ‘हे छायाचित्र रिसॉर्टच्या संकेतस्थळावर आणि छापील माहितीपत्रकात २ वर्षे वापरता येईल, जाहिरातफलकासाठी वेगळे शुल्क आकारले जाईल, हीच परवानगी इतरांनाही देण्याचा हक्क छायाचित्रकार राखून ठेवत आहे,’ एवढी तीन वाक्ये बहुतेक कामांना पुरतात. हक्क कायमचे विकायचेच असतील तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षांची मानतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता मानतो. ‘सगळे हक्क द्या’ असे सांगणाऱ्या ग्राहकाला याची कल्पना दिली की तो स्वतःच मागणी आवरती घेतो, कारण त्याला खरोखर गरज असते ती दोन-तीन वर्षांच्या वापराची. ‘पैसे नाहीत, पण तुमचे नाव छापू’ असा प्रस्ताव आला तर तो नम्रपणे नाकारावा. नावाने वीजबिल भरता येत नाही.

प्रिंट काळी का येते?

पडद्यावर झळाळणारे चित्र कागदावर मलूल उतरले, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि दोष लॅबचा असतोच असे नाही. घरातील मॉनिटर बहुधा गरजेपेक्षा खूप उजळ ठेवलेला असतो. त्यावर पाहून छायाचित्र दुरुस्त करताना आपण नकळत ते काळसर करतो, आणि कागद स्वतः प्रकाश देत नसल्यामुळे तो काळसरपणा प्रिंटमध्ये उघडा पडतो. मॉनिटरची तेजस्विता साधारण १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवावी आणि कॅलिब्रेशनच्या उपकरणाने रंग तपासावेत. असे उपकरण अनेक मित्रांनी मिळून घेतले तरी चालते. लॅबकडून त्यांच्या कागदाची रंगप्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल) मागून घ्यावी आणि प्रिंट कशी येईल याचे पूर्वदर्शन पडद्यावरच पाहावे.

सह्याद्रीचा पावसाळी हिरवा रंग ही खास अडचण आहे. पोपटी आणि तेजस्वी हिरव्या छटा पडद्यावर दिसतात, पण शाईच्या आवाक्यात नसतात. त्या छापल्या गेल्या की पठारावरील गवताचे बारकावे नाहीसे होऊन सपाट हिरवा डाग उरतो. अशा वेळी संपूर्ण चित्राची रंगतीव्रता उतरवण्याऐवजी फक्त पिवळा आणि हिरवा यांचीच तीव्रता कमी करावी आणि त्यांचा उजेड थोडा बदलून पाहावा. पूर्वदर्शनात गवताच्या काड्या पुन्हा दिसू लागल्या की थांबावे. पहाटेच्या आकाशात पट्टे उमटत असतील तर रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने नोंदलेल्या, प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलवर) १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या अधिक सूक्ष्म पायऱ्या ठेवून, काम करावे आणि जेपेग अगदी शेवटी काढावी. आकाशातले काळे ठिपके हे सेन्सरवरील धुळीचे असतात. लेन्सच्या एफ/१६ किंवा त्याहून लहान छिद्रावर (अ‍ॅपर्चरवर) ते स्पष्ट होतात, शिवाय अशा छिद्रावर तीक्ष्णताही कमी होते. म्हणूनच अत्यावश्यक नसेल तर एफ/८ ते एफ/११ इथेच राहावे.

आकाराबाबतही गैरसमज आहेत. २४ मेगापिक्सेलची फाइल साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. दर इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ती २० बाय १३ इंचांच्या प्रिंटला पुरते, आणि म्हणून पाच फुटांच्या भिंतचित्राची मागणी आली की अनेक जण घाबरून नवा कॅमेरा घेतात. भिंतचित्र दुरून पाहिले जाते, त्यामुळे तिथे दर इंचाला १०० पिक्सेलही चालतात, आणि त्याच फाइलमधून ६० इंचांची प्रिंट निघते. खरी काळजी घ्यावी ती जागेची. प्रिंट खिडकीसमोर लागणार असेल तर चकाकणाऱ्या काचेत माणसाला स्वतःचाच चेहरा दिसतो, म्हणून मॅट कागद आणि प्रतिबिंब न पडणारी काच सुचवावी. इगतपुरीसारख्या धुवांधार पावसाच्या ठिकाणी कागद दमटपणाने लाटा धरतो, तेव्हा तिथे पाठीमागून बंद केलेली फ्रेम किंवा धातूच्या पत्र्यावरील प्रिंट द्यावी. जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मोठ्या प्रिंटचा भाव सांगू नये, असे माझे ठाम मत आहे.

भाव ठरवताना

समोरच्याला परवडेल असे वाटते म्हणून भाव सांगणे ही घसरगुंडी आहे. आधी स्वतःचा खर्च मोजावा. समजा, कॅमेरा आणि लेन्स मिळून २ लाख रुपयांचे आहेत आणि ते ४ वर्षे चालतील. मग केवळ झीज म्हणून महिन्याला सुमारे ४,२०० रुपये बाजूला पडायला हवेत. त्यात इंधन, मुक्काम, सॉफ्टवेअर, विमा, प्रिंट बिघडण्याची शक्यता आणि मुख्य म्हणजे संगणकासमोर बसलेले तास मिळवावेत. डोंगरावर घालवलेल्या एका पहाटेमागे दुरुस्ती, पत्रव्यवहार आणि छपाईची ये-जा यांत त्याहून अधिक वेळ जातो, आणि तो भावात धरला नाही तर काम भरपूर असूनही हाती काही उरत नाही. या कारणाने, सहा महिन्यांचा घरखर्च शिलकीत नसताना नोकरी सोडू नये. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. मात्र परराज्यात प्रिंट पाठवून विकायच्या असतील तर नियम वेगळे लागू होतात, त्यामुळे कर सल्लागाराला आधीच विचारावे.

स्टॉक संकेतस्थळांवरून, म्हणजे तयार छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांवरून, घरबसल्या पैसे मिळतात, ही समजूतही तपासून घ्यावी. अडोबी स्टॉकवर छायाचित्रकाराला विक्रीच्या ३३ टक्के रक्कम मिळते, आणि एकेका विक्रीची रक्कमच लहान असते. पूरक उत्पन्न म्हणून ते ठीक आहे. त्यावर घर चालवण्याचा बेत आखू नये.

परवानगीवाचून केलेले काम

छंद म्हणून काढलेल्या चित्राला कोणी हरकत घेत नाही, पण तेच चित्र जाहिरातीत छापले गेले की प्रश्न उभे राहतात. पांडवलेणी हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे आणि तिथल्या व्यावसायिक चित्रीकरणासाठी पूर्वपरवानगी लागते. रामकुंडावर स्नान करणाऱ्या भाविकाचा ओळखू येणारा चेहरा बातमीत चालेल. हॉटेलच्या जाहिरातीत वापरायचा असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी, आणि खासगी मळ्याच्या छायाचित्रासाठी मालकाचीही घ्यावी. सिंहस्थाच्या निमित्ताने अनेक जण हे काम हाती घेणार आहेत, त्यांनी संमतिपत्रे मराठी आणि हिंदीत आधीच छापून ठेवलेली बरी.

ड्रोनच्या बाबतीत नाशिक हे विशेष सावधगिरीचे शहर आहे. देवळालीचा लष्करी परिसर, ओझरचा विमानतळ आणि नाशिकरोडची चलनी नोटांची छपाई, ही सगळी संवेदनशील ठिकाणे शहराच्या आसपास आहेत. उड्डाणापूर्वी सरकारच्या डिजिटल स्काय मंचावरील नकाशात ती जागा कोणत्या रंगाच्या क्षेत्रात येते ते पाहणे अनिवार्य आहे; तिथे ड्रोन उडवायला कितपत मुभा आहे हे त्या रंगावरून कळते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमहून जड आणि २ किलोपर्यंतचे ड्रोन व्यवसायासाठी उडवायचे असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. नांदूरमधमेश्वरला, जे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून २०२० मध्ये जाहीर झाले, पक्ष्यांच्या थव्यांवर ड्रोन नेण्याचा विचारही करू नये. त्याच न्यायाने, अंजनेरीवरील सेरोपेजिया अंजनेरिकासारख्या दुर्मीळ वनस्पतीचे नेमके ठिकाण छायाचित्रासोबत जाहीर करू नये. गर्दीच्या पायांखाली ते ठिकाण नष्ट झाले तर पुढच्या वर्षी टिपण्यासारखे तिथे काही उरणार नाही.

कार्यशाळा घेऊन उत्पन्न मिळवायचे असेल तर हरिहरसारख्या अरुंद पायऱ्यांच्या किल्ल्यावर शनिवार-रविवार टाळावा, सहभागींची संख्या कमी ठेवावी आणि वनखात्याशी आधी बोलावे. कोणत्याही कामात, मग ते कार्यशाळेचे असो की भिंतचित्राचे, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, पसंतीसाठी लहान आकाराच्या आणि नावाची मोहोर असलेल्या प्रती दाखवाव्यात, आणि उरलेली रक्कम जमा झाल्यावरच पूर्ण आकाराच्या फाइल किंवा प्रिंट सुपूर्द कराव्यात.