सर्वांत थोर अमेरिकी राष्ट्राध्यक्ष कोण? असा लावा वाद

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गणेशोत्सवात वादविवाद ठेवायचा तर इथल्या राजकारणाचा विषय टाळलेला बरा. दहाव्या मिनिटाला गाडी सीमाप्रश्नावर येते आणि परीक्षकही भांडणात उतरतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लांबचे, म्हणून सोयीचे. फक्त नाव आधी आणि मोजपट्टी नंतर असं करू नका. नाहीतर जो तो आपल्या माणसाची आरती ओवाळून खाली बसतो.

आठवडाभर आधी कसोट्या लेखी द्या. चार पुरेत: संकट केवढं होतं आणि त्यानं काय केलं (३० गुण), केलेलं मागं टिकलं का (२५), हातातल्या सत्तेला स्वतः लगाम घातला का (२०), आणि ज्यांना मतच नव्हतं त्यांच्याशी तो कसा वागला (२५). चौथी कसोटी काढून टाका म्हणणारे भेटतील. ते बहुधा वॉशिंग्टनच्या बाजूचे असतात.

नावं तीनच ठेवा: वॉशिंग्टन, लिंकन, फ्रँकलिन रूझवेल्ट. १९४८ साली अमेरिकी इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी इतर इतिहासकारांची मतं घेतली तेव्हा पहिले तीन हेच होते, लिंकन सर्वांत वर. बेंजामिन फ्रँकलिनचं नाव हमखास कुणीतरी सुचवतं. तो राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हता. कुठल्या संघाला कोण, हे चिठ्ठीनं ठरवा.

वॉशिंग्टनची बाजू सोपी. दोन मुदतींनंतर १७९७ मध्ये तो आपण होऊन घरी गेला. डाग मात्र ठळक आहे: पळालेल्या गुलामांना धरून परत देण्याच्या १७९३च्या कायद्यावर त्याचीच सही आहे. मृत्युपत्रात त्यानं स्वतःच्या गुलामांना मुक्ती दिली, पण तीही पत्नीच्या पश्चात.

रूझवेल्ट १९३३ मध्ये आला तेव्हा कामकऱ्यांतला साधारण चौथा माणूस बेकार होता. १९३५चा सामाजिक सुरक्षा कायदा आजही चालू आहे, म्हणजे दुसऱ्या कसोटीवर गुण भरपूर. तिसरीवर तो घसरतो. चार निवडणुका जिंकून त्यानं दोन मुदतींचा रिवाज मोडला. १९५१ साली घटनादुरुस्ती करून ती वाट बंद करावी लागली. १९४२च्या त्याच्या हुकमानं जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. संघानं हे दडवलं तर समोरचे पहिल्या प्रश्नातच पाडतात.

लिंकनवाले सर्वाधिक चुका करतात, कारण आपल्याला तो ठाऊक आहे असं वाटतं. पहिली चूक: ‘१८६३ च्या घोषणेनं सगळे गुलाम सुटले.’ ती घोषणा फक्त यादवी युद्धात बंड केलेल्या दक्षिणेकडच्या भागांपुरती होती. केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर ही उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरची, गुलामगिरी असूनही बंडात न उतरलेली राज्यं तिच्यातून वगळली होती, कारण ती दुखावली तर बंडखोरांकडं जातील ही भीती. (आपल्या श्रोत्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.) देशभर गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं, तोवर लिंकनचा खून होऊन आठ महिने झाले होते. पण ती दुरुस्ती प्रतिनिधिगृहात मंजूर व्हावी म्हणून जानेवारीत त्यानं जोर लावला होता, आणि खरा मुद्दा तो आहे.

दुसरी चूक म्हणजे शाळाशाळांच्या भिंतींवर लावलेलं हेडमास्तरांना पत्र. ते लिंकननं लिहिल्याचा पुरावा नाही. वापरलं तर पाच गुण कापा, आणि हे आधीच सांगा. तिसरी: फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ लिंकनला अर्पण केली असं ठोकून देणं. अर्पणपत्रिका गुलाम मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना उद्देशून आहे.

प्रत्येक संघाचे दोन वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला घंटा. त्यापुढचं मिनिट आपल्याच नेत्याच्या सर्वांत मोठ्या डागाला उत्तर देण्यासाठी राखीव. मग समोरच्यांचे तीन प्रश्न, उत्तराला एक-एक मिनिट. कन्नड माध्यमाची मुलं असतील तर प्रश्न कन्नडमधून चालू द्या, मात्र दोन्ही भाषा जाणणारा एक तरी परीक्षक हवा. सनावळी फळ्यावर आधीच लिहा, म्हणजे तारखांवर वेळ जात नाही.

गुण सारखे पडले तर चिठ्ठी टाकू नका. दोन्ही संघांना एकमेकांचा नेता द्या आणि दोन-दोन मिनिटं बोलायला लावा.