फोनवर पुस्तकं वाचायचीत? रॉम राहू दे, आधी फाइल बघा

ओपन फोन (कंपनीच्या बंधनातून मोकळा केलेला) म्हटलं की लोक लगेच बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करून लिनिएजओएस ही अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती (म्हणजेच रॉम) टाकायला बसतात, आणि अनलॉक करताना फोनमधलं सगळं पुसलं जातं हे मग कळतं. हौस असेल तर बॅकअप घेऊन जरूर करा, पण नुसतं वाचायला त्याची काही गरज नाही. साध्या अँड्रॉइडवर ब्राउझरमधून एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या दुकानाची एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा, ब्राउझरला अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी द्या (काम झालं की काढून टाका) आणि तिथून केओरीडर हे पुस्तकं वाचायचं अ‍ॅप घ्या. खातं वगैरे काढावं लागत नाही. केओरीडर दिसायला अगदी रुक्ष आहे, सुरुवातीला मेनूच सापडत नाही, स्क्रीनच्या वरच्या कडेला टॅप करायचं! नाहीच जमलं तर लिब्रेरा हे दुसरं वाचायचं अ‍ॅप आहे.

फाइल शक्यतो ईपब या ई-पुस्तकांच्या प्रकारातली घ्या. ती आतून झिप केलेली वेबपानंच असते, त्यामुळे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने बसतात. पीडीएफचं पान मात्र छापल्यासारखं पक्कं, वाचताना डावीउजवीकडे सरकवून जीव जातो.

आणि मराठीत खरी गोची पीडीएफचीच आहे. जुन्या बऱ्याच फाइली युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या) आधीच्या फॉन्टमधल्या, स्क्रीनवर मजकूर छान दिसतो पण कॉपी करून बघा, निव्वळ कचरा येतो. अशी फाइल कॅलिबर या कॉम्प्युटरवरच्या ई-पुस्तकांच्या प्रोग्रॅममधून ईपब करायला गेलात तर तोच कचरा पुस्तकभर मिळेल, म्हणून आधी दोन ओळी कॉपी करून तपासा. कचरा आला तर कन्व्हर्ट करू नका, केओरीडरमध्ये रिफ्लो चालू करा. तो पानाचं चित्र कापून शब्द पुन्हा मांडतो, फॉन्ट कुठला याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. दोन कॉलमच्या पानात किंवा तक्त्यात कधी घोळ होतो, तेवढं चालवून घ्या.

अक्षरं आवडली नाहीत तर नोटो सेरिफ देवनागरी या फॉन्टची फाइल केओरीडरच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा. ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात.

पुस्तकं कॉम्प्युटरवर असतील तर केबल शोधत बसू नका. कॅलिबरमध्ये कंटेंट सर्व्हर चालू करा, दोन्ही एकाच वायफायवर ठेवा आणि फोनच्या ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता, पुढे कोलन ८०८० टाका. अख्खी यादी समोर येते, हवं ते उतरवा. डीआरएमवाली (कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप असलेली) विकतची पुस्तकं मात्र केओरीडरमध्ये उघडणार नाहीत, त्यामुळे घेण्याआधी डीआरएम आहे का ते बघा.