इंग्रजी शब्दाचं मूळ कसं काढायचं: ‘बोर्ड’ घेऊन करून बघू

बारावीची पोरं असोत, एमपीएससीवाले असोत नाहीतर पोरांचा अभ्यास घेणारे आईबाप, सगळ्यांचा प्रश्न एकच, एकेका इंग्रजी शब्दाचे दहा-दहा अर्थ लक्षात कसे ठेवायचे? ठेवूच नका की. शब्द कुठनं निघाला ते एकदा काढायचं, आणि एका अर्थातनं दुसरा कसा फुटला ते बघत जायचं, मग पाठ करायला फार काही उरत नाही. नुसतं सांगून हे कळत नाही, म्हणून एक शब्द घेऊन करूनच दाखवतो. ‘बोर्ड’ घेऊ, सांगली-साताऱ्यात हा शब्द रोज न वापरणारा माणूस मिळायचा नाही.

डिक्शनरी लगेच उघडू नका. आधी कागद घ्या आणि आपल्या आजूबाजूला तो शब्द कुठं कुठं ऐकू येतोय ते लिहून काढा. मी काढलेली यादी अशी: दहावीचा बोर्डाचा पेपर (आपलं विभागीय बोर्ड कोल्हापूरला), दुकानाचा बोर्ड, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बोर्ड, स्विचबोर्ड, कॅरम बोर्ड, कीबोर्ड, साखर कारखान्याचं बोर्ड, म्हातारी माणसं म्हणायची ते लोकल बोर्ड, साताऱ्याचं शाहू बोर्डिंग, विमानाचा बोर्डिंग पास. आता यात खुणा करा, हाताला लागणारी वस्तू कुठली, माणसांचा गट कुठला, आणि दोन्हीत न बसणारं काय. बोर्डिंग आणि बोर्डिंग पास हे दोन बाजूला पडतात बघा. त्यांचं उत्तर मिळालं की शब्द सुटला समजा.

आता डिक्शनरी. खिशातली छोटी इंग्लिश-मराठी डिक्शनरी इथं कामाची नाही, ती अर्थ देते पण मूळ देत नाही. फोनवर एटिमऑनलाइन ही शब्दांची मुळं देणारी वेबसाइट फुकट आहे, विक्शनरी फुकट आहे, सुरुवातीला एवढं बास. सगळ्यात मोठी म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, तिचा पहिला भाग १८८४ ला निघाला आणि शेवटचा १९२८ ला, तिच्यात प्रत्येक अर्थाखाली तो पहिल्यांदा कुठल्या साली लिहिलेला सापडला ते पुराव्यासकट दिलेलं असतंय. एक गोष्ट लक्षात ठेवा, शाळकरी लर्नर्स डिक्शनरीत सगळ्यात जास्त वापरातला अर्थ आधी येतो, ऑक्सफर्डच्या त्या मोठ्या डिक्शनरीत सगळ्यात जुना आधी येतो. हे माहीत नसलं की माणूस पहिल्याच ओळीत गोंधळतो, की हा असला अर्थ तर आपण कधी ऐकलाच नाही.

मूळ दिलेलं असतंय त्या ओळीत बारकी अक्षरं असतात, त्यांना घाबरू नका. ओई म्हणजे ओल्ड इंग्लिश, साधारण ११५० पर्यंतची. एमई म्हणजे मिडल इंग्लिश, तिथनं पुढं १५०० च्या आसपासपर्यंत. ओएफ म्हणजे जुनी फ्रेंच, एल म्हणजे लॅटिन. आणि शब्दाच्या आधी चांदणी (*) असेल तर तो शब्द लिहिलेला कुठंच सापडलेला नाही, बहिणी-बहिणी भाषा ताडून विद्वानांनी तो अंदाजानं बांधलाय. चांदणीवाला शब्द पुरावा म्हणून कुणाच्या तोंडावर फेकायचा नाही.

‘बोर्ड’च्या त्या ओळीत काय मिळतंय? ओल्ड इंग्लिशमध्ये ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. बास, इतकं साधं. पण फळीच्या शेजारी अजून एक अर्थ दिसतो, जहाजाची बाजू, कड. हे मुळात दोन वेगळे शब्द होते आणि दिसायला-ऐकायला सारखे असल्यामुळं फार लवकर एकमेकांत मिसळले असं डिक्शनरीवाले मानतात. म्हणून आता कागदावर दोन फांद्या काढा, फळीची एक, जहाजाची एक.

फळीची फांदी भरगच्च आहे. जुन्या काळी तिकडच्या मोठ्या घरात जेवणाचं टेबल कायमचं मांडलेलं नसायचं, लाकडी घोड्यांवर फळ्या टाकायच्या, जेवायचं आणि झालं की काढून भिंतीला लावायच्या. त्यामुळं फळी म्हणजेच टेबल झालं. आणि टेबल झाल्यावर पुढं दोन वाटा फुटल्या, एक टेबलावरच्या जेवणाकडं आणि दुसरी टेबलाभोवती बसलेल्या माणसांकडं.

जेवणाची वाट धरा, ‘बोर्ड अँड लॉजिंग’मधला बोर्ड म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे राहणं. बोर्डर म्हणजे पैसे देऊन जेवूनखाऊन राहणारा, आणि अशांची सोय ते बोर्डिंग हाऊस. आपल्याकडं बोर्डिंग म्हटलं की होस्टेल, झोपायची जागा, असंच डोक्यात येतंय, पण शब्दाचा जीव जेवणात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. तिथली खरी गोष्ट म्हणजे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र राबायची आणि एका पंगतीला जेवायची. त्या काळात एका छपराखाली झोपण्यापेक्षा एका पंगतीला बसणं जास्त अवघड होतं. तेव्हा या बोर्डिंगला बोर्डिंग हे नाव इंग्रजी अर्थानंसुद्धा एकदम चपखल बसतंय.

माणसांची वाट अजून लांब जाते. टेबलाभोवती बसून कारभार बघणारे ते बोर्ड. ईस्ट इंडिया कंपनीवर लक्ष ठेवायला लंडनमध्ये १७८४ च्या कायद्यानं जे मंडळ नेमलं त्याचं नावच बोर्ड ऑफ कंट्रोल, ते १८५८ पर्यंत चाललं. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं तेव्हा वर हीच व्यवस्था होती. मग १८८४ ला मुंबई इलाख्याचा लोकल बोर्डांचा कायदा आला आणि शब्द खेडोपाडी पोचला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी लोकल बोर्डाची शाळा, लोकल बोर्डाचा रस्ता हे कितीतरी वर्षं राहिलं. वीज बोर्डाचंही तेच, १९६० ला स्थापन झालं, २००५ ला त्याचे तुकडे होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण लाईट गेली की अजून शिव्या बसतात त्या बोर्डालाच. साखर कारखान्याची निवडणूक झाली की ‘बोर्ड बदललं’ म्हणतात, तेव्हा फळी कुणी बदललेली नसते, फळीभोवतीची माणसं बदललेली असतात. (कधीकधी तीपण नसतात, नुसती आडनावं इकडची तिकडं. असो.)

फळी फळीच राहिली असेही अर्थ आहेत, ते पटकन संपवू: फळा म्हणजे ब्लॅकबोर्ड, पत्ता लिहिलेला बोर्ड, कॅरमचा, बुद्धिबळाचा. कपबर्ड मात्र मजेशीर, आधी कप मांडायची उघडी फळी होती ती, दारं नंतर आली, आणि बोलताना ‘प’ कुणीच म्हणत नाही, ‘कबर्ड’ म्हणतात. गाडीतला डॅशबोर्ड हा मूळचा घोडागाडीतला, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढं उभी ठोकलेली फळी. चिखल गेला, घोडा गेला, फळीला काटे आणि दिवे लागले, नाव तेच. आणि नटमंडळी ‘बोर्डवर चालतात’ असं इंग्रजीत म्हणतात, तिथं बोर्ड म्हणजे स्टेजच्या फळ्या. ज्या सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटकाचा खेळ केला, तिथल्या माणसाला हा अर्थ एकदा सांगितला की पुरे.

आता दुसरी फांदी, जहाजाची. ऑन बोर्ड म्हणजे जहाजाच्या कडेच्या आत, ओव्हरबोर्ड म्हणजे कडेवरून पाण्यात. जहाजाच्या कडेला भिडून त्यावर चढणं ते बोर्ड करणं, तिथनं रेल्वे, मग विमान, आणि म्हणून बोर्डिंग पास. म्हणजे साताऱ्याचं बोर्डिंग आणि पुण्याच्या विमानतळावरचं बोर्डिंग हे दोन वेगळ्या फांद्यांवरचे शब्द आहेत, आपल्या बाजूला पडलेल्या दोघांचं कोडं इथं सुटलं. जुन्या बोटी उजव्या कडेच्या वल्ह्यानं वळवायचे, म्हणून ती स्टिअरिंगची कड म्हणजे स्टारबोर्ड, चांदण्यांचा काही संबंध नाही. डावी कड लारबोर्ड, पण वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखंच ऐकू यायचं, शेवटी ब्रिटिश नौदलानं १८४४ ला लारबोर्ड बंद करून पोर्ट हा शब्द ठरवून टाकला.

इथंच एक सावधगिरी. व्हॉट्सअपवर फिरतंय की ‘पॉश’ हा शब्द पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम याची आद्याक्षरं आहेत, म्हणजे विलायतेहून हिंदुस्थानात येताना श्रीमंत लोक जहाजाची डावी बाजू घ्यायचे आणि जाताना उजवी, सावलीची. ऐकायला झकास, पण असं छापलेलं तिकीट किंवा कंपनीचा कागद आजवर कुणाला सापडलेला नाही. आद्याक्षरांची गोष्ट दिसली की आधी संशय घ्यायचा, कारण आद्याक्षरं जोडून शब्द करायची सवयच मुळात विसाव्या शतकात वाढली. तीन गोष्टी तपासायच्या: शब्द पहिल्यांदा कुठल्या साली छापलेला सापडतोय, गोष्ट त्याच्या किती नंतर सुरू झाली, आणि मधल्या काळातला एखादा तरी कागद आहे का. याच चाळणीतनं ‘अबव्ह बोर्ड’ मात्र नीट पार होतो. जुगारात हात टेबलाच्या वर ठेवायचे, खाली गेले की पत्ता बदलला, म्हणून उघड-प्रामाणिक व्यवहार तो अबव्ह बोर्ड, आणि इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या डिक्शनरीत हेच कारण दिलंय.

डिक्शनरीत ‘ओरिजिन अननोन’ असंही कधी दिसेल. तेही उत्तरच आहे, तिथं आपली गोष्ट चिकटवायची नाही. ‘बोर झालं’मधला बोर असाच, अठराव्या शतकात अचानक उगवलाय. जमिनीत मारतो तो बोर जुना, भोक पाडणे या अर्थाचा, आणि दोन्हींचं नातं जोडायचा मोह कितीही झाला तरी पुरावा नाही. बोर्डशी तर दोघांचाही संबंध नाही, ऐकायला जवळ एवढंच.

शेवटचं काम, इंग्रजी अर्थ आणि मराठीत आलेले अर्थ दोन रकान्यांत मांडा. टेबल या अर्थानं बोर्ड आपल्याकडं आलाच नाही, पण त्याच्यातनं निघालेलं मंडळ आलं आणि बोर्डिंग आलं, म्हणजे मधली पायरी इंग्लंडातच राहिली, आणि म्हणूनच हे अर्थ आपल्याला एकमेकांशी फटकून वागणारे वाटतात. मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बघा, दुसरी आवृत्ती १८५७ ची, ऑनलाइन फुकट आहे. त्यात एखादा इंग्रजी शब्द नसला तर तो तोवर बोलण्यात रुळलेला नसावा असा अंदाज बांधता येतो, अंदाजच, खात्री नव्हे. वाईला विश्वकोशाचं ऑफिस आहे म्हणून बरेच जण विश्वकोशात शब्द शोधायला जातात, पण तो विषयांचा कोश आहे, शब्दाच्या मुळासाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश, १९४६ चा.

सरावाला पुढचा शब्द ब्युरो घ्या. जाडं लोकरीचं कापड, ते अंथरलेलं टेबल, मग टेबल असलेलं ऑफिस, बोर्डसारखीच वाट आहे, लगेच जमेल. त्यानंतर बँक, इटलीतल्या सराफाच्या बाकापासून निघालेला. आणि तिसरा बजेट, त्याचं काही सांगत नाही, चामड्याच्या पिशवीपाशी पोचलात की बरोबर आलात.