पाइनची वलयं मोजून घनता ठरवताय? या चुका टाळा

नाशिकच्या वखारींत पाइन घेताना सर्रास होणारी चूक एकच. फळीचं टोक बघायचं आणि वलयं (वर्षाला एक) बारीक दिसली की "माल भारी" म्हणून मोकळं व्हायचं. पंचवटीतल्या एका फर्निचरवाल्याने असाच गठ्ठा उचलून साडेतीन फुटी पुस्तकांचे कप्पे केले. वर्षाच्या आत सगळ्यांना मधून झोळ आला. वलयं बारीक होतीच, पण प्रत्येकातला गडद पट्टा केसाएवढा. त्याने नाकारलेल्या रुंद वलयांच्या रेडिएटा जातीच्या पाइनमध्ये तोच पट्टा वलयाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता.

वजन त्या गडद पट्ट्यात असतं. हंगामाच्या सुरुवातीच्या पेशी मोठ्या पोकळीच्या, पातळ भिंतींच्या. तो फिकट भाग. अखेरच्या पेशी अरुंद, जाड भिंतींच्या, आणि त्यांची घनता फिकट भागाच्या दुप्पट-तिप्पट. वलयाची रुंदी भरली तरी भिंती जाड होण्याचं आणि त्यांत लिग्निन (भिंती कडक करणारं द्रव्य) भरण्याचं काम पुढे कित्येक आठवडे चालतं. थंड प्रदेशात ते त्या दिवसांतल्या उबेवर अवलंबून असतं. थंडी लवकर आली की भिंती पातळच राहतात. न्यूझीलंडच्या उबदार उत्तरेकडचं रेडिएटा थंड दक्षिणेकडच्यापेक्षा सर्वसाधारणपणे घन भरतं, जात तीच असून. "जितकं गरम तितकं घन" असं सूत्र मात्र करू नका. कोरड्या भागात उबेआधी पाणी आड येतं.

गडद पट्ट्याचा वाटा बघा. त्यासाठी टोक धारदार पटाशीने तासून ओल्या फडक्याने पुसा. करवतीच्या खरखरीत टोकावर काही दिसत नाही. दोन मिनिटांचं काम, पण घाई असलेल्यांना तेवढाही वेळ नसतो.

दुसरी चूक पावसाळ्यातली. ऑगस्टमध्ये 10×5×2 सेंमीचा तुकडा तोलला, 52 ग्रॅम भरला, लगेच घनता 520 किलो प्रति घनमीटर! तो 103 अंशांवर सुकवून 43 ग्रॅम उरला, तर 9 ग्रॅम पाणी होतं, म्हणजे सुक्या वजनाच्या जवळपास 21 टक्के ओलावा. तुलना 12 टक्के ओलाव्यावर करतात. आकुंचन सोडलं तर हा आकडा 480च्या आसपास येतो. तुकडा टोकापासून किमान फूटभर आतून काढा, टोकं आधी सुकतात. सलग दोन वजनांत फरक पडेनासा झाला की मगच ओव्हन बंद करा. "रात्रभर ठेवलं" हे माप नव्हे.

बाकीच्या थोडक्यात. मधल्या गाभ्याजवळची पहिली दहा-पंधरा वलयं हलकी आणि पिळणारी. नमुना तिथून घेऊ नका. जड ते मजबूत असं नाही: कललेल्या झाडाच्या खालच्या बाजूचं लालसर लाकूड जड असतं, पण ठिसूळ, आणि लांबीत आखडून फळीला बाक आणतं. पॅलेटवरचा एचटी (हीट ट्रीटमेंट) शिक्का म्हणजे लाकूड आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवून कीड मारली, इतकंच. लाकूड सुकलं असं नव्हे. आणि राळेने चिकट झालेला तुकडा तोलू नका, राळेचं वजन लाकडाच्या नावावर जमा होतं.