गाजराला फाटे फुटू नयेत म्हणून: खत कुजवून, युरिया मोजून

आमच्या मिरज तालुक्यात कवलापूरच्या गाजराचं नाव मोठं. त्या ओढीनं मीही घरामागच्या दोन गुंठ्यांत गाजर केलं. पहिल्या वर्षी गोठ्यातलं शेण जेमतेम तीन आठवडे उकिरड्यावर राहिलं आणि मी ते रानात ओढलं. काढणीला बघते तर एकेका गाजराला तीन-तीन फाटे. निम्मा माल बाजारातून परत आला. आत्याबाईंनी त्यातलं एक मोडून दाखवलं: जिथं फाटा फुटला होता, तिथंच कडब्याचं न कुजलेलं धांड अडकलं होतं.

आता शेण, पालापाचोळा आणि मातीचे थर चार महिने खड्ड्यात कुजवते, मधे दोनदा वरखाली करते. तयार झालं का, ते असं बघा. हात कोपरापर्यंत आत घाला, ऊब लागता कामा नये. मग ओंजळभर ओलसर खत पिशवीत गच्च बांधून आठवडाभर सावलीत ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर खत पक्कं. नाकाला झोंबलं तर अजून महिनाभर थांबाच.

असं खत चाळून गुंठ्याला 200 ते 250 किलो, पेरणीच्या पंधरा दिवस आधी. रान फूटभर खोल भुसभुशीत हवं. खडे आणि ढेकळं हातानं वेचा, कंटाळा करू नका.

खतानं माती मऊ होते, ओल टिकते. पण त्यातलं नत्र (नायट्रोजन) सावकाश सुटतं आणि गाजर शंभर दिवसांत काढायचं असतं. म्हणून पेरताना गुंठ्याला पावणेचार किलो सिंगल सुपर फॉस्फेट, एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि पाऊण किलो युरिया देते. सुपर फॉस्फेटातून स्फुरद (फॉस्फरस) मिळतं; माती परीक्षणात ते भरपूर निघालं तर सुपर कमी करा. युरिया आणि सुपर आदल्या रात्री कालवून ठेवू नका, पाणी सुटून लगदा होतो. बांधावरच कालवा, बियाच्या ओळीपासून चार बोटं लांब टाका आणि मातीआड करा.

महिन्याभरानं विरळणी (दाट रोपं उपटणं) आणि भांगलण (तण काढणं) उरकली, की आणखी पाऊण किलो युरिया. पाल्यावर दव असताना टाकू नका, पानं करपतात. त्यानंतर युरियाचं पोतं बांधून ठेवा! शेजारचा पाला हिरवागार दिसला की हात शिवशिवतो, पण जादा नत्रानं पालाच माजतो आणि खाली गाजर बोटाएवढं राहतं.

मुळा दीड महिन्यात निघतो, त्याला युरियाचा दुसरा हप्ता पंधरा-वीस दिवसांतच द्यावा. बीट आतून काळं पडत असेल तर मातीत बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी आहे. पुढच्या पेरणीला गुंठ्याला 100 ग्रॅम बोरॅक्स (बोरॉनचं खत) बारीक मातीत कालवून सारखं पसरा, त्याहून जास्त नको.

काढणीच्या आदल्या दिवशी हलकं पाणी सोडा, म्हणजे गाजर शेंड्यासकट अखंड निघतं.