चाकांवरच्या फिश हाउसचा अ‍ॅक्सल: या चुका टाळा

मिनेसोटात चाकांवरचं फिश हाउस घेणारा माणूस आधी टीव्ही कुठे लावायचा ते ठरवतो, मग बंक, मग शेगडी. अ‍ॅक्सलकडे त्याचं लक्ष जातं ते अ‍ॅक्सल मोडल्यावर. आणि तो मोडतो तळ्याच्या मधोमध, रविवारी संध्याकाळी, जेव्हा एकही दुकान उघडं नसतं. ऑक्टोबरात दोन तास घालवले असते तर टळलं असतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. म्हणून आता लिहूनच टाकतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिवाळ्यात इथली तळी गोठतात. ट्रेलरसारखं घर पिकअपला जोडून बर्फावर न्यायचं, विंच, म्हणजे केबल गुंडाळायची चरखी, सैल करत ते खाली उतरवायचं, म्हणजे घराची चौकट थेट बर्फावर टेकते. मग घराच्या तळातल्या झाकणांखाली बर्फाला भोकं पाडून आत उबेत बसून वॉलाय नाहीतर पर्च जातीचे मासे पकडायचे. साध्या ट्रेलरचा अ‍ॅक्सल जागचा हलत नाही. इथे प्रत्येक चाक वेगळ्या आर्मवर, म्हणजे लोखंडी दांड्यावर असतं आणि तो आर्म चौकटीवरच्या पिव्हटभोवती, बिजागरीसारख्या सांध्याभोवती फिरतो.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक इथेच आहे. लोक हबला, म्हणजे चाकाच्या तुंब्याला ग्रीस भरतात आणि पिव्हट विसरतात. जरा विचार करा. घर खाली बसलं तरी चाक बर्फावरच उभं असतं, त्यामुळे हब टायरच्या निम्म्या उंचीवर, बऱ्यापैकी कोरडा राहतो. पाण्यात बसतो तो पिव्हट. जड पिकअपमागे असं घर न्यायचं तर किमान २० इंच बर्फ हवा, असं राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग सांगतो. पण एवढ्या जाड बर्फावरही घर आणि साचलेला हिमाचा थर यांच्या वजनाने बर्फ थोडा वाकतो, भोकांतून पाणी वर येतं आणि चौकटीखाली पसरतं. रात्री तेच पाणी पिव्हटच्या नळीत शिरून गोठतं. आत ग्रीस असेल तर पाण्याला जागाच मिळत नाही. ग्रीस नसेल तर आधी बर्फ, मग उन्हाळाभर गंज.

मिल लॅक्स तळ्यावरची गोष्ट. राज्याच्या दक्षिण भागातल्या तळ्यांवरची घरं मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत काढावी लागतात. त्यानंतर रात्री रिकामं घर बर्फावर ठेवता येत नाही. त्यामुळे आधीच्या शनिवार-रविवारी सगळ्यांचीच धांदल. आमच्या शेजारच्या घराची उजवी बाजू विंचने वर आली, डावी हलेना. पिव्हट गोठलेला, टायरचा तळही बर्फात रुतलेला. मी म्हटलं, आत हीटर लावून दोन तास थांबा, तोवर पहारीने टायरभोवतीचा बर्फ फोडू. दोन तास? त्यांना दुपारी मुलाच्या हॉकीच्या सामन्याला जायचं होतं. पिकअप फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये टाकली आणि दिला हिसका. एक, दोन, तिसऱ्याला घर सुटलं. टाळ्याही पडल्या. पण डावा आर्म पिळला गेला होता, चाकाचं तोंड बाहेर वळलं होतं. साध्या डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते तसेच १६९ नंबरच्या हायवेने निघाले. मिलाका येईपर्यंत टायर घासून आतल्या तारा दिसायला लागल्या.

यावर माझी सवय सांगतो. घर उतरवतानाच चौकटीखाली लाकडी ठोकळे आणि दोन्ही टायरखाली फळी ठेवायची, म्हणजे पुढचं निम्मं भांडण मिटतं. निघताना ठोकळे खणून परत आणायचे. बर्फात सोडून दिले तर तो कचराच आहे, आणि त्याला दंड होतो. पिव्हटला ग्रीस भरताना नुसतं निपलला (ग्रीस भरायच्या तोंडाला) ग्रीस गन लावून दोन पंप मारू नका. घर वर असताना थोडं भरा, मग खाली घ्या, पुन्हा भरा, पुन्हा वर घ्या. आर्म फिरला की ग्रीस सगळीकडे जातं. कडेने जुनं तपकिरी ग्रीस निघून स्वच्छ यायला लागलं की थांबायचं. बोटीच्या ट्रेलरला वापरतात ते पाण्याला दाद न देणारं ग्रीस घ्या. निपल तुंबलं असेल तर बदला, चिल्लर किंमत असते त्याची.

आर्म वाकल्याचा संशय असेल तर टेप घ्या. पुढच्या कपलरच्या (घर पिकअपला जिथे जोडतात त्या तोंडाच्या) मध्यापासून दोन्ही स्पिंडलच्या, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या दांड्यांच्या टोकांपर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींत पाव इंचाचा फरक आला तरी काहीतरी बिघडलंय. मग दोन्ही टायरमधलं अंतर पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने मोजून ताडून बघा. वाकलेला आर्म तापवून घणाने सरळ करून देणारे भेटतात. मी त्यांच्या वाटेला जात नाही. तापवलेल्या लोखंडाची ताकद कुठे कमी झाली ते कोण सांगणार? नवा आर्म घ्या.

दुसरी चूक बेअरिंगची. हबच्या तोंडावर स्प्रिंगवालं टोपण बसवलं, वर निपल आहे, गन लावली की झालं, असा समज. आमच्या ओळखीतल्या एकाने शरद ऋतूत जुनं घर घेतलं. विकणारा म्हणाला, बेअरिंगला आत्ताच ग्रीस मारलंय. खोटं नव्हतं ते! जानेवारीत हे महाशय लेक ऑफ द वुड्सला निघाले. वास्कीश सोडल्यावर बॉडेटपर्यंत दोन्ही बाजूंना नुसती दलदल आणि झाडं, मोबाईलला रेंज मिळेल न मिळेल. बाहेर उणे २५ सेल्सिअस. तिथे उजव्या चाकातून धूर. थांबून बघतात तर हब इतका तापलेला की वरचं हिम चर्र करत वितळतंय. ओढून आणलेलं ते घर पुढे आमच्या गॅरेजमध्ये उघडलं. बाहेरचं बेअरिंग ताज्या लाल ग्रीसमध्ये बुडालेलं आणि आतलं कोरडं, गंजलेलं, त्याची आतली रिंग स्पिंडलला चिकटून बसलेली. समोरून रेटलेलं ग्रीस आतल्या बेअरिंगपर्यंत नीट पोचतच नाही, आणि जोर लावून पंप केलं तर हबच्या मागचं सील, ग्रीस आत अडवणारी रिंग, उचकटतं. मग ग्रीस बाहेर ब्रेकवर आणि रस्त्यावरचं मिठाचं पाणी आत.

त्यात ही घरं वर्षातले आठ-नऊ महिने एका जागी उभी असतात. न फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ओल राहिली की रोलरच्या रेषेत गंजाचे डाग पडतात, आणि त्या डागांवरून पुढच्या हिवाळ्यात हायवेच्या वेगाने धावायचं असतं. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे शिकवावं लागत नाही, जुंपण्याआधी आखाला वंगण घालायचंच. इथे पिकअप हजारो डॉलरची आणि ग्रीसला कंटाळा.

वर्षातून एकदा हब उतरवा. बेअरिंग केरोसीनने धुऊन, पुसून, उजेडात फिरवून बघा. डाग, निळसर छटा किंवा खरखर दिसली तर बाहेरच्या कपासकट, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या रिंगेसकट बदला. नवं बेअरिंग जुन्या कपात बसवणं ही फुकटची कंजुषी आहे. ३५०० पौंडी अ‍ॅक्सलला बहुधा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ लागतं, पण खात्री रिंगवर कोरलेल्या नंबरावरून करा. सील प्रत्येक वेळी नवं. ग्रीस मी हातानेच भरतो: तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीस डोकावेपर्यंत. जुनं कुठल्या जातीचं ते माहीत नसेल तर सगळं पुसून काढा. दोन जातींची ग्रीस एकमेकांत मिसळली की कधी कधी पातळ होऊन वाहून जातात.

नट आवळण्यात तर उत्साही मंडळी कमालच करतात. पाइप लावून आवळतात, "सैल नको राहायला" म्हणून. हब हाताने फिरवत साधारण ५० फूट-पाउंडांपर्यंत नट आवळायचा, म्हणजे बेअरिंग बसतं. मग हब न हलवता नट पूर्ण सैल करायचा आणि फक्त बोटांनी पुन्हा टेकवायचा. नट अडकवणारी कॉटर पिन नवी. चाक वरखाली हलवल्यावर अगदी जाणवेल न जाणवेल इतका प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहिला पाहिजे.

बाकीचं पटापट.

चाकाचे नट बसवून पहिले ५० मैल झाले की थांबून टॉर्क पान्याने पुन्हा बघा. अर्ध्या इंची बोल्टला ९० ते १२० फूट-पाउंड.

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका, बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २४१९ म्हणजे २०१९ सालचा २४ वा आठवडा. शिवाय ट्रेलरचाच टायर घ्या, गाडीचा नको.

जॅक आर्मखाली लावू नका, चौकटीखाली लावा, आणि बर्फावर असाल तर जॅकखाली फळी.

घर वर घेतलं की लॉकपिना घाला. विंचच्या केबलवर घर लटकवून हायवेला निघालेले लोक मी पाहिलेत. केबलची एक जरी तार तुटलेली दिसली तरी केबल बदला. आणि विंचच्या हँडलच्या रेषेत हात, तोंड ठेवू नका.

गोठलेला पिव्हट सोडवायला बर्नर मारणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. चाकाच्या खणाला लागूनच फोम आहे, वायरिंग आहे, आणि आत प्रोपेनची नळी. मीठही टाकू नका, तळ्यातही जातं आणि लोखंडही खातं.

ग्रीस भरलेला, बेअरिंग-सील बसवलेला एक तयार हब माझ्या घरातल्या बाकाखाली कायम असतो. बरोबर कॉटर पिना, पाना आणि हातमोजे. रस्त्याच्या कडेला थंडीत बेअरिंग भरायला कोणी बसत नाही, पूर्ण हबच बदलतात.

जुनं घर विकत घ्यायला गेलात तर विकणाऱ्याला ते तुमच्यासमोर एकदा पूर्ण खाली आणि पूर्ण वर घ्यायला सांगा. मग चौकट जॅकवर घेऊन चाक मोकळं करा, हाताने फिरवून कान द्या, आर्मच्या मुळाशी पहार घालून रेटा. पिव्हटमध्ये खटखट आली तर किंमत उतरवा. "आत्ता घाई आहे, तुम्ही घरी नेऊन बघा" असं उत्तर आलं तर दुसरं घर शोधा, ऑक्टोबरपर्यंत बाजारात भरपूर येतात.