डोंगरात जीपीएस भरकटते तेव्हा काय तपासावे

सह्याद्रीत भटकणाऱ्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. पायथ्याच्या गावात बिनचूक चालणारे जीपीएस वाट चुकण्याची भीती असलेल्या जागीच नेमके भरकटते. हातातला स्वतंत्र जीपीएस संच असो किंवा मोबाइल, अशा वेळी बहुतेक जण उपकरण बिघडले असे धरून चालतात. माझ्या अनुभवात खरा बिघाड क्वचितच निघतो. बहुतेक वेळा उपकरणाला आकाश दिसत नसते, त्याला पुरेसा वेळ मिळालेला नसतो किंवा त्याने दाखवलेले आकडे आपण चुकीचे वाचलेले असतात.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा सिग्नल जमिनीपर्यंत येता येता इतका क्षीण होतो की तो भोवतालच्या रेडिओ गोंगाटाच्याही खाली असतो. प्रत्येक उपग्रहाचा संकेत आधीच ठाऊक असल्यामुळे रिसीव्हर तो गोंगाटातून वेचून काढतो. स्थान ठरवायला किमान चार उपग्रह लागतात, कारण अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्या जोडीला उपकरणातल्या साध्या घड्याळाची चूकही त्याला त्याच गणितात सोडवावी लागते. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या इतर देशांच्या तशाच यंत्रणांचे उपग्रह वापरण्याची सोय उपकरणात असेल तर ती सुरू करून ठेवावी. अर्ध्याहून अधिक आकाश झाकलेले असताना खरा उपयोग या जास्तीच्या उपग्रहांचा होतो.

सर्वात दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे वेळ. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. ती पूर्ण उतरायला सुमारे अर्धा मिनिट लागतो आणि मध्येच सिग्नल तुटला तर हुकलेला भाग पुन्हा येईपर्यंत थांबावे लागते. ही माहिती साधारण चार तास उपयोगी पडते. याखेरीज सगळे उपग्रह ढोबळमानाने केव्हा कोठे असतील याचे एक पंचांगच प्रत्येक उपग्रह प्रसारित करत असतो आणि ते पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. त्यामुळे अनेक महिने कपाटात पडून असलेला किंवा बंद अवस्थेत शेकडो किलोमीटर प्रवास करून आलेला संच सुरू केल्यावर उघड्या मैदानात पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावा. तो हातात घेऊन लगेच झाडीत शिरणे म्हणजे त्याचे प्रत्येक वाचन अर्ध्यावर तोडणे होय.

मोबाइल हीच माहिती इंटरनेटवरून काही क्षणांत मिळवतो, म्हणून पुण्या-मुंबईत तो तत्काळ स्थान दाखवतो. रेंज नसलेल्या वाडीत मात्र त्यालाही सगळे थेट उपग्रहाकडूनच घ्यावे लागते. यावरचा उपाय सोपा आहे. रेंज असलेल्या शेवटच्या गावात नकाशाचे ॲप उघडून स्थान पक्के होऊ द्यावे, त्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा आणि बॅटरी वाचवायची असल्यास त्यानंतरच विमान मोड लावावा. विमान मोडमध्येही आजचे बहुतेक मोबाइल उपग्रहांचे सिग्नल घेत राहतात. बॅटरी सेव्हर मात्र बंद ठेवावा, कारण अनेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये पडदा बंद होताच तो स्थान घेणे थांबवतो आणि मग नोंदवलेल्या मार्गात लांबच लांब सरळ रेषा उमटतात. ॲपला अचूक स्थानाची परवानगी दिली आहे का, हेही पाहावे. फक्त अंदाजे स्थानाची परवानगी असेल तर आकाश कितीही मोकळे असले तरी ठिपका दूरच कोठेतरी पडेल.

उपकरण कसे धरले आहे यानेही मोठा फरक पडतो. या सिग्नलची मुख्य वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ आहे आणि पाण्याने भरलेले मानवी शरीर अशा लहरी चांगल्याच शोषून घेते. पँटच्या खिशात किंवा सॅकच्या तळाशी, पाण्याच्या बाटल्यांना खेटून ठेवलेल्या उपकरणाचे अर्धे आकाश आपणच झाकतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, वरच्या बाजूला ते अडकवावे. चपट्या अँटेनाचा संच आडवा, पडदा आकाशाकडे करून धरावा. ज्याच्या डोक्यावर जाड खुंटीसारखी अँटेना असते तो मात्र उभा धरावा. मोबाइलला धातूचे कव्हर असेल तर ते काढावे, आणि पॉवर बँक व तिची केबल त्याला चिकटवून ठेवू नये.

खरी परीक्षा घळीत आणि नाळेत होते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा साम्रदजवळची सांदण दरी आठवावी. दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि डोक्यावर आकाशाची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत चार-पाच उपग्रह सापडले तरी ते जवळपास एका रांगेत असतात. त्यामुळे नाळेच्या लांबीच्या दिशेने स्थान बरे येते, पण आडव्या दिशेने चूक वाढत जाते. शिवाय काही सिग्नल थेट न येता समोरच्या कड्यावर आपटून येतात. तेवढा मार्ग लांबल्यामुळे रिसीव्हरला तो उपग्रह आहे त्याहून दूर वाटतो. पडद्यावर आपण धारेच्या पलीकडे चालताना दिसतो तो बहुधा याचाच परिणाम असतो. दुसऱ्या, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या वारंवारतेवरही चालणारी उपकरणे असे परतलेले सिग्नल अधिक चांगले ओळखतात, आणि नवीन खरेदी करायची असेल तर मी इतर कोणत्याही सोयीपेक्षा या सोयीला जास्त महत्त्व देईन. असलेल्या उपकरणावर मात्र एवढेच करता येते की कड्याला चिकटून न थांबता नाळेच्या मध्यावर यावे, दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहावे आणि आकडे स्थिरावल्यावरच नोंद घ्यावी. नाळेत शिरण्यापूर्वी तोंडाशी एक खूण नोंदवून ठेवावी व आतल्या वळणांसाठी नकाशा आणि होकायंत्रावर भिस्त ठेवावी. गुहेत किंवा कोरीव लेण्यात सिग्नल मिळत नाही, तेव्हा तिथे प्रयत्न करण्यात बॅटरी घालवू नये.

ढगांमुळे जीपीएस बंद पडते हा समज सर्वत्र आहे, पण तो चुकीचा आहे. ढग, धुके आणि पाऊस यांचा या वारंवारतेवर नगण्य परिणाम होतो. पावसाळ्यात सिग्नल कमी होतो तो भिजलेल्या दाट पानांमुळे, त्यामुळे भीमाशंकरसारख्या रानात उघड्या सड्यावर येऊन स्थान घेणे हाच उपाय उरतो. याउलट स्वच्छ आकाशातही एक अडथळा येऊ शकतो. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात, सूर्य अधिक सक्रिय असलेल्या वर्षांत आणि विशेषतः मार्च व सप्टेंबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ होऊन सिग्नल लुकलुकू लागतो. अशा वेळी काहीही न बदलता काही काळ वाट पाहावी.

काही तक्रारींचा सिग्नलशी संबंधच नसतो. १९ अंश २३.२ मिनिटे हा अक्षांश कोणी १९.२३२ अंश असा भरला, तर ठिकाण सुमारे १७ किलोमीटर दक्षिणेला सरकते. अक्षांश-रेखांश मोजताना पृथ्वीचा जो आकार आधार म्हणून धरतात, त्यातला जुन्या स्थलदर्शक नकाशाचा एव्हरेस्ट आधार आणि उपकरणातला डब्ल्यूजीएस ८४ यांची गल्लत झाल्यास आपल्याकडे शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. उंचीचे कोडे याहून विलक्षण आहे. भारताच्या या भागात खरी समुद्रसपाटी जीपीएस ज्यापासून उंची मोजते त्या पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती पृष्ठाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे, आणि काही ॲप ही दुरुस्ती न करता कच्चा आकडा दाखवतात. त्यामुळे १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर मोबाइल १,५८० च्या आसपास आकडा दाखवतो आणि कोकणच्या किनाऱ्यावर उणे उंची दिसते. जुन्या संचात तारीख सुमारे वीस वर्षे मागे गेलेली दिसली, तर दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येणारा जीपीएसचा सप्ताह-क्रमांक हे कारण समजावे. असा पालट ६ एप्रिल २०१९ रोजी झाला होता. कंपनीने सॉफ्टवेअरचा नवा अवतार दिला असेल तर तो भरावा.

इतके सगळे करूनही शंका उरली तर मोजमाप करावे. अँड्रॉइडवर जीपीएसटेस्टसारखे ॲप प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलची ताकद डेसिबल-हर्ट्झमध्ये दाखवते. आयफोन ही माहिती ॲपना देत नाही, आणि स्वतंत्र संचात उपग्रहांच्या पानावर उभ्या पट्ट्या दिसतात. उघड्या मैदानात दुपारी आपले आणि मित्राचे उपकरण शेजारी, पण हातभर अंतर राखून ठेवावे व वीस मिनिटांनी आकडे पाहावेत. डोक्यावरच्या उपग्रहांसाठी ४० च्या आसपास आकडे मिळणे सामान्य आहे. मित्राच्या उपकरणात तसे आकडे असताना आपल्याकडे सगळेच उपग्रह २५ च्या आत अडकले असतील, तर पडण्याने अँटेनाची जोडणी सैल झाली असण्याची किंवा आत पाणी शिरले असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हाच ते दुरुस्तीला द्यावे आणि दोन्ही उपकरणांचे आकडे कागदावर लिहून सोबत द्यावेत.